बाल्सा आणि वारा : लेखांक 4 – हातातून सुटलेल्या विमानाचा तोल

मुक्त उड्डाण या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकारात विमानाची प्रतिकृती हातातून किंवा दोरीवरून एकदा सुटली, की ती कशी उडावी यावर जमिनीवरच्या माणसाचा ताबा उरत नाही. वाऱ्याच्या झोताने नाक वर गेले तर काय, एक पंख खाली झुकला तर काय, या प्रश्नांची उत्तरे उड्डाणाच्या आधीच लाकडात, कोनांत आणि वजनाच्या वाटणीत घालून ठेवावी लागतात. मागील लेखांकात पंखाच्या छेदाचा विचार झाला; या लेखांकात हा आपोआप सावरणारा तोल कोठून येतो ते पाहायचे आहे, आणि त्याची सुरुवात दुकानात फळी निवडतानाच होत असते.

बाल्सा हे दक्षिण व मध्य अमेरिकेतील उष्ण, दमट अरण्यांत वाढणारे झाड असून त्याचे लाकूड जगाला मुख्यतः इक्वाडोरमधून मिळते. स्पॅनिश भाषेत बाल्सा म्हणजे तराफा. आपल्याकडच्या काटेसावरीचे ते दूरचे भावंड आहे आणि त्याच्या फळांतूनही सावरीसारखाच कापूस निघतो. सावरीचे मऊ लाकूड आगपेटीच्या काड्यांना चालते, पण बाल्साच्या हलकेपणाची सर त्याला येत नाही. बाल्साचे झाड काही वर्षांतच तोडण्याजोगे होते आणि या घाईच्या वाढीमुळे त्याच्या पेशी मोठ्या, पातळ भिंतींच्या व पाण्याने भरलेल्या असतात. भट्टीत वाळवून हे पाणी काढले, की मागे बहुतांशी हवाच उरते. सागाचे एक घनमीटर लाकूड साडेसहाशे किलोग्रॅमच्या आसपास भरते, तर प्रतिकृतींसाठी वापरला जाणारा बाल्सा साधारणपणे 100 ते 200 किलोग्रॅम.

या दोन आकड्यांमधले अंतर दुर्लक्ष करण्याजोगे नाही. 3 इंच रुंद, 36 इंच लांब आणि एक सोळांश इंच जाड अशी बाजारातली नेहमीची फळी घेतली, तर ती 11 ग्रॅमचीही असू शकते आणि 22 ग्रॅमचीही, आणि वरून पाहता दोन्ही फळ्या सारख्याच दिसतात. म्हणून जाणकार कारागीर दुकानात तराजू घेऊन जातो, हे हसण्यावारी नेण्याजोगे नाही. जड फळी धडासाठी, म्हणजे पंख आणि शेपटी यांना जोडणाऱ्या दांड्यासाठी योग्य असते. हलकी फळी शेपटीला हवी, कारण शेपटी गुरुत्वमध्यापासून लांब असल्याने तिच्यातला एक जादा ग्रॅम तोलण्यासाठी नाकावर त्याच्या कितीतरी पट शिसे किंवा माती लावावी लागते.

वजनाइतकाच महत्त्वाचा असतो तो फळीचा काप. ओंडका त्याच्या वर्तुळाकार वाढीला स्पर्श करेल असा कापला, तर फळीवर लांबच लांब रेषा दिसतात आणि ती रुंदीच्या दिशेने सहज वळते. गोल नळी करण्यास किंवा पंखाच्या पुढच्या कडेवर गुंडाळण्यास अशी फळी उत्तम. ओंडका केंद्राकडून सालीकडे, त्रिज्येच्या दिशेने कापला, तर फळीवर माशाच्या खवल्यांसारखे चकचकीत ठिपके उमटतात आणि ती रुंदीत ताठ राहते, वळवू गेल्यास मोडते. शेपटीच्या पातळ फळ्या या दुसऱ्या प्रकारच्याच असाव्या लागतात, कारण दमट हवेत पीळ भरलेली शेपटी पुढे सांगितलेल्या सर्व कोनांवर पाणी फिरवते. सांधे, गोंद आणि पॉलिशपेपर यांचे तंत्र इतर कोणत्याही हलक्या लाकूडकामासारखेच असल्याने त्यात येथे शिरण्याचे कारण नाही.

आता प्रत्यक्ष तोलाकडे वळता येईल. समोरून येणाऱ्या हवेशी पंख जो कोन करतो त्याला आघातकोन म्हणतात आणि ठरावीक मर्यादेपर्यंत हा कोन वाढला की पंखाची उचलही वाढते. सोयीसाठी असे धरावे, की समतोल उड्डाणात पंखाचा आघातकोन 6 अंश, शेपटीच्या आडव्या फळीचा 3 अंश आणि उचल कोनाच्या प्रमाणात आहे. झोताने नाक 2 अंश खाली गेले, तर पंखाचा कोन 4 होऊन त्याची उचल एक तृतीयांशाने घटते. शेपटीचा कोन मात्र 1 वर येतो आणि तिची उचल दोन तृतीयांशांनी घटते. पंखाच्या मानाने शेपटी अधिक दुबळी झाल्यामुळे ती खाली बसते आणि नाक वर येते. नाक 2 अंश वर गेले, तर याच्या उलट घडते : शेपटीची उचल अधिक प्रमाणात वाढते, ती वर उचलली जाते आणि नाक पूर्ववत होते. दोघांचाही कोन मुळात 6 अंशच असता, तर दोघांची उचल सारख्याच प्रमाणात घटली वा वाढली असती आणि विमानाला सावरण्याचे काही कारणच उरले नसते. पंख व शेपटी यांच्या बैठकीतल्या या लहानशा फरकाला येथे कोनांतर म्हणू. वैमानिकाचे अर्धे काम तेच करते.

ही युक्ती बाल्सापेक्षा जुनी आहे. इंग्लंडमधील यॉर्कशरचे जमीनदार सर जॉर्ज केली यांनी 1804 मध्ये सुमारे दीड मीटर लांबीच्या काठीवर पतंगाच्या आकाराचा पंख काठीशी किंचित वर कलवून बसवला, मागे कोन बदलता येईल अशी फुलीच्या आकाराची शेपटी लावली आणि तोल साधण्यासाठी पुढेमागे सरकवता येणारे वजन ठेवले. आजच्या प्रतिकृतीतले सर्व मुख्य अवयव त्यात आहेत. पॅरिसमध्ये आल्फोन्स पेनो यांनी 18 ऑगस्ट 1871 रोजी त्विलरी बागेत रबराच्या पिळावर चालणारी प्रतिकृती 11 सेकंद उडवून सुमारे 40 मीटर नेली. आपोआप सावरण्याचे तत्त्व जाणीवपूर्वक योजून केलेले उड्डाण म्हणून त्याचे महत्त्व मोठे आहे, आणि माणसाला घेऊन उडणाऱ्या इंजिनाच्या विमानाला तेव्हा तीन दशकांचा अवकाश होता.

मग कोनांतर भरपूर ठेवले की काम झाले, असे मात्र नाही. कोनांतर वाढवले की नाक वर उठू पाहते आणि ते दाबून धरण्यासाठी गुरुत्वमध्य पुढे घ्यावा लागतो. असे विमान संथपणे उतरताना चटकन सावरते, पण हाताने फेकायच्या ग्लायडरला, म्हणजे एनसीसीच्या हवाई शाखेतील छात्रांना चक ग्लायडर या नावाने माहीत असलेल्या प्रकाराला, हा सुरक्षितपणा महागात पडतो. उचल ही वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ग्लायडर तरंगण्याच्या वेगाच्या पाचपट वेगाने फेकला, तर तीच बैठक पंचवीसपट जोराने नाक वर ओढते आणि विमान वर चढण्याऐवजी हवेत कोलांटी घेऊन फेकणाऱ्याच्या पायाशी येते. त्यामुळे अशा ग्लायडरचे कोनांतर अगदी नावापुरते असते आणि गुरुत्वमध्य पंखाच्या रुंदीच्या मध्याच्याही मागे असतो. सावरण्याची शक्ती कमीत कमी, पण शून्य नाही, अशा या अरुंद पट्ट्यात विमान बसवणे हा या छंदातील सर्वांत कठीण भाग होय. गाठलेल्या उंचीवर वेग संपताच विमान नाक खाली न टाकता अलगद तरंगू लागते की नाही, यावरून ते साधले की नाही ते कळते.

आडव्या तोलासाठी पंखांची टोके वर उचललेली असतात. विमान एका बाजूला घसरू लागले, की त्या बाजूच्या पंखाला हवा अधिक कोनातून भेटते, त्याची उचल वाढते आणि तो वर येतो. उभी शेपटी गरजेपेक्षा मोठी झाली, तर ती नाक घसरण्याच्या दिशेला वळवते आणि विमान मळसूत्रासारखे फिरत जमिनीत घुसते. नवख्यांची बहुतेक विमाने याच दोषाने मोडतात आणि दोष मात्र वाऱ्याला दिला जातो.

तोल साधण्याची प्रत्यक्ष रीत अशी. वारा पडलेला असताना, गवतावर, खांद्याच्या उंचीवरून विमान वाऱ्याकडे तोंड करून किंचित खालच्या दिशेने सोडावे. ते लाटेसारखे वरखाली होत गेले तर नाकावर चिमूटभर माती वाढवावी, आणि सरळ खाली गेले तर ती कमी करावी किंवा शेपटीच्या मागच्या कडेला तोंडाची वाफ देऊन ती केसभर वर वळवावी. एका वेळी एकच बदल करावा. विमानाने सरळ न जाता मोठे वर्तुळ घेणेही आवश्यक असते, नाहीतर ते वर जाणाऱ्या उष्ण हवेच्या स्तंभात, म्हणजे थर्मलमध्ये, शिरून लगेच पलीकडे बाहेर पडते. त्यासाठी शेपटीची आडवी फळी एका बाजूला किंचित उचलून बसवतात. जी बाजू उंच, त्या बाजूला विमान वळते.

थर्मलचे मोल एका हिशेबावरून लक्षात येईल. एफ-1-ए या आंतरराष्ट्रीय वर्गातील ग्लायडर किमान 410 ग्रॅम वजनाचा असतो आणि 50 मीटर दोरीने पतंगासारखा वर चढवला जातो. तेवढ्या उंचीवरून 3 मिनिटे हवेत राहायचे, तर त्याने सेकंदाला 28 सेंटीमीटरपेक्षा अधिक वेगाने उतरता कामा नये. स्थिर हवेत हे फार अवघड, चांगल्या थर्मलमध्ये मात्र विमान उतरतच नाही आणि दिसेनासे होते. यावर उपाय म्हणजे ठरलेल्या वेळी शेपटीची मागची कड झटकन सुमारे 45 अंश वर उडवणारी सोय, जिच्यामुळे विमानाचे तरंगणे संपते आणि ते आडवेच हळूहळू खाली बसते. आज हे काम छोटे घड्याळयंत्र करते, आणि उड्डाण संपवण्यापुरता रेडिओही नियमांना मान्य आहे. पूर्वी धुमसती सुती वात रबराचा बंध जाळून ते करीत असे. वाळल्या गवताला आग लागू नये म्हणून ती वात धातूच्या नळीतून नेत, जेणेकरून बंध तुटल्यावर ती आतल्या आत विझावी. एवढे करूनही सेकंदाला 4 मीटर वाऱ्यात 3 मिनिटे उडालेले विमान 720 मीटर दूर पडते, त्यामुळे पंखावर मालकाचा पत्ता लिहिलेला असतो.