विश्लेषण : कर्ट रसेलच्या वडिलांनी सोडून दिलेल्या शहरात बेसबॉल कसा परत आणला? बिंग रसेल आणि ‘मॅव्हरिक्स’ची गोष्ट

‘गार्डियन्स ऑफ द गॅलेक्सी 2’मधला कर्ट रसेल आपल्याकडे अनेकांना माहीत आहे. त्याचे वडील बिंग रसेल हेही अभिनेते. ‘बोनान्झा’ या गाजलेल्या वेस्टर्न मालिकेत ते डेप्युटी क्लेम फॉस्टर होते. पण 2003 मध्ये वयाच्या 76व्या वर्षी निधन झालेल्या या माणसाची आठवण आज निघते ती बहुतेक वेळा बेसबॉलमुळे. तीही मोठ्या नव्हे, खालच्या स्तरावरच्या बेसबॉलमुळे.

मायनर लीग म्हणजे काय?

अमेरिकेत वर मेजर लीग बेसबॉल आणि तिच्या खाली छोट्या शहरांतून खेळणाऱ्या संघांची उतरंड, म्हणजे मायनर लीग. आपल्या रणजीशी तुलना करण्याचा मोह होतो, पण मोठा फरक आहे. रणजी संघ आयपीएलच्या फ्रँचायझीचा नसतो. मायनर लीगमधले संघ मात्र बहुतांशी एखाद्या मेजर क्लबशी संलग्न असतात. खेळाडूंची निवड आणि पगार वरचा क्लब पाहतो. चांगला खेळाडू हंगामाच्या मध्यावर उचलून वर नेला जातो आणि गावातला प्रेक्षक हात चोळत बसतो. ब्रँच रिकी यांनी सेंट लुइस कार्डिनल्ससाठी 1920च्या दशकात रुजवलेल्या या पद्धतीला ‘फार्म सिस्टीम’ म्हणतात. नावच सगळे सांगते, पीक इथले आणि बाजार दुसरीकडे.

भारतातून गेलेले रिंकू सिंह (क्रिकेटपटू नव्हे, त्याच नावाचे भालाफेकपटू) आणि दिनेश पटेल 2009 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सकडून खेळले, तेही याच उतरंडीच्या तळाच्या पायरीवर.

हे वेड आले कुठून?

बिंग यांचे बालपण फ्लोरिडातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये गेले. न्यूयॉर्क यँकीज हंगामापूर्वीच्या सरावासाठी तिथे येत. हा पोरगा दिवसभर त्यांच्यामागे. पिचर लेफ्टी गोमेझशी त्याची गट्टी जमली. आजाराने खेळ थांबण्यापूर्वी लू गेहरिगने शेवटचा होम रन ज्या बॅटने मारला, ती बॅट बिंगला मिळाली. पुढे ते स्वतः काही काळ मायनर लीगमध्ये खेळले. मग हॉलीवूड. शूटिंग सुरू असले तरी डोक्यात मैदानच.

मॅव्हरिक्स कशी उभी राहिली?

1972च्या हंगामानंतर ओरेगनमधल्या पोर्टलंडचा ‘बीव्हर्स’ हा जुना संघ प्रेक्षक नाहीत म्हणून स्पोकेनला हलवण्यात आला. बेसबॉल इथे चालत नाही, असा शिक्का बसला. बिंग यांनी 1973 मध्ये नेमके हेच शहर निवडले आणि नॉर्थवेस्ट लीगमध्ये ‘पोर्टलंड मॅव्हरिक्स’ उतरवली. डोक्यावर कोणताही मेजर क्लब नाही. म्हणजे खेळाडू, पगार, बस, सगळे स्वतःच पाहायचे.

खेळाडू कुठून आणणार? त्यांनी खुली निवड चाचणी जाहीर केली. कुणीही यावे. क्लबांनी काढून टाकलेले, वय उलटलेले, वळण नसलेले असे तरुण देशभरातून आले. पहिल्याच सामन्यात मॅव्हरिक्सच्या पिचरने ‘नो-हिटर’ टाकला, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला एकही हिट मिळू दिली नाही. लीग मॅच जिंकली आणि शहर वळून पाहू लागले. कर्टही त्या वर्षी या संघातून खेळला.

बिंग यांचा एक हिशेब कोणत्याही व्यवस्थापनाच्या पुस्तकात बसणारा नाही. ते गरजेपेक्षा जास्त, 30 खेळाडू संघात ठेवत. कारण काय, तर काही जणांना शेवटचा एक हंगाम मिळायलाच हवा. आत्मचरित्रातून खेळाडूंची आतली गुपिते फोडल्यामुळे नकोसा झालेला माजी यँकी पिचर जिम बाउटन याला त्यांनी 1975 मध्ये घेतले. 1978 मध्ये, 39व्या वर्षी, तो अटलांटा ब्रेव्हजकडून पुन्हा मेजर लीगमध्ये उतरला. कार्यालयाची सूत्रे त्यांनी 24 वर्षांच्या लॅनी मॉस यांच्याकडे दिली. व्यावसायिक बेसबॉलमधल्या त्या पहिल्या महिला जनरल मॅनेजर मानल्या जातात. बॅटबॉय होता टॉड फील्ड, पुढे ‘टार’ चित्रपटाचा दिग्दर्शक.

याच संघाच्या बाकावर बाउटन आणि पिचर रॉब नेल्सन यांच्या गप्पांतून एक कल्पना निघाली. तंबाखू चघळणाऱ्या खेळाडूंसाठी तशाच पुडीत किसलेले च्युइंगगम. 1980 मध्ये बाजारात आलेले ‘बिग लीग च्यू’ आजही विकले जाते. (आपल्याकडे बार भरणाऱ्यांना ते कितपत पटेल, हा वेगळा विषय.)

मग संघ बंद का पडला?

चालला म्हणून! 1977 मध्ये मॅव्हरिक्सने 66 पैकी 44 सामने जिंकले, त्या छोट्या हंगामात सव्वा लाखाच्या आसपास प्रेक्षक आले. अंतिम फेरीत मात्र बेलिंगहॅमने त्यांना हरवले. लीगचे विजेतेपद त्यांना कधीच मिळाले नाही. पण पोर्टलंडमध्ये गर्दी होते हे पाहून वरच्या स्तरावरच्या पॅसिफिक कोस्ट लीगला ते शहर परत हवेसे झाले. नियम असा की, वरच्या स्तराची लीग खालच्या संघाचे शहर घेऊ शकते, फक्त भरपाई द्यावी लागते. बिंग यांनी देऊ केलेली रक्कम नाकारली. प्रकरण लवादाकडे गेले आणि त्यांना 2 लाख 6 हजार डॉलर मिळाले. मायनर लीगमधल्या शहराच्या हक्कासाठी तोवर इतकी रक्कम कुणाला मिळाली नव्हती.

पैशांची लढाई ते जिंकले. संघ गेला तो गेलाच. 1978 मध्ये त्याच मैदानावर पुन्हा बीव्हर्स खेळू लागले.

आज त्यांचे नाव का निघते?

नातवंडे चॅपमन आणि मॅक्लेन वे यांनी 2014 मध्ये ‘द बॅटर्ड बास्टर्ड्स ऑफ बेसबॉल’ हा माहितीपट केला, तो नेटफ्लिक्सवर आला. दुसरे कारण ताजे आणि कडू आहे. 2021च्या हंगामापासून मेजर लीगने संलग्न संघांची संख्या 120 वर आणली. 40 हून अधिक संघांची नाळ एका फटक्यात तुटली. त्यांत ओरेगनमधलाच सेलम-काइझरचा ‘व्होल्कॅनोज’ होता. तिथल्या मालकांनी त्याच वर्षी स्वतःची चार संघांची स्वतंत्र लीग काढली. तिला नाव दिले मॅव्हरिक्स.