चालू दप्तराचे स्थलांतर : डेटाबेस-समूह एका केंद्रातून दुसऱ्या केंद्रात नेण्याची पद्धती

ज्या दप्तराचा उपयोग अहोरात्र चालू असतो, ते बंद न ठेवता एका जागेहून दुसऱ्या जागी कसे न्यावे, हा संगणकशास्त्रातील एक व्यावहारिक प्रश्न आहे. डेटाबेस-समूह म्हणजे एकाच माहितीच्या प्रती बाळगणाऱ्या व परस्परांशी मेळ राखणाऱ्या अनेक सर्व्हरांचा संच होय. असा समूह एका डेटा सेंटरातून दुसऱ्यात नेताना खंड किती अल्प ठेवता येतो आणि त्यासाठी कोणता क्रम पाळावा लागतो, याचे विवेचन येथे केले आहे.

विषय सुगम व्हावा म्हणून महसुली दप्तराचे उदाहरण घेणे उचित ठरेल. मोर्शी तालुक्यातील संत्रा बागायतदारास पीककर्जासाठी सातबाऱ्याचा उतारा लागतो. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचे उतारे मिळू लागले. तेव्हापासून हे दप्तर बंद राहणे म्हणजे बँकेतील प्रकरण खोळंबणे होय. याच दप्तराच्या रचनेत प्रस्तुत प्रश्नाचे उत्तरही सापडते. सातबारा जमिनीची विद्यमान स्थिती सांगतो. ती स्थिती कोणत्या क्रमाने बदलत आली, हे फेरफार नोंदवही, म्हणजे गाव नमुना ६, सांगते. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ अन्वये बदल आधी फेरफारात नोंदला जातो, संबंधितांस नोटीस दिली जाते, आणि नोंद प्रमाणित झाल्यावरच तिचा अंमल सातबाऱ्यावर होतो. डेटाबेसातही बदल प्रथम अनुक्रमांकित नोंदवहीत लिहिला जातो व मागाहून मूळ माहितीत उतरतो.

यावरून स्थलांतराची पहिली पायरी स्पष्ट होते. जुन्या केंद्रातील माहितीची एका क्षणाची संपूर्ण प्रत घ्यावी आणि त्या क्षणी नोंदवही कोणत्या क्रमांकापर्यंत आली होती, हे टिपून ठेवावे. प्रत नव्या केंद्रात पोचण्यास काही दिवस लागले तरी हरकत नाही, कारण जुने केंद्र कामकाज चालूच ठेवते. नंतर टिपलेल्या क्रमांकापुढील नोंदी नव्या केंद्रात त्याच क्रमाने लागू केल्या की दोहोंतील अंतर घटत जाऊन काही क्षणांवर येते. फेसबुक कंपनीने २०११ साली सुमारे ३० पेटाबाइटांचा माहितीसाठा नव्या केंद्रात नेताना हेच तत्त्व अनुसरले : प्रथम घाऊक प्रत, नंतर सतत बदलांचा पाठपुरावा.

हे अंतर पूर्णतः शून्य का ठेवू नये, अशी शंका येणे स्वाभाविक आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लक्ष किलोमीटर जातो. दोन केंद्रांमधील तार ८०० किलोमीटरांची असेल, तर निरोप जाऊन पोच येण्यास किमान ८ सहस्रांश सेकंद लागतात. प्रत्येक नोंदीस ही पोच सक्तीची केल्यास सर्वच कामकाज मंदावते. यास्तव पाठपुरावा सामान्यतः किंचित मागून चालू देतात.

दुसरी अडचण बहुमताची आहे. पुष्कळ समूहांत सभासद-सर्व्हरांच्या बहुमताने नोंद पक्की होते. तिघांत दोघांची संमती लागते. नव्या केंद्रातील तीन सर्व्हर एकदम सभासद केले, तर संख्या सहा व बहुमत चार होते. मधली तार तुटल्यास दोन्ही बाजूंस तीनच उरतात आणि कोणतेही केंद्र लिहू शकत नाही. म्हणून नव्या सर्व्हरांस प्रथम मताधिकाराविना ठेवावे आणि त्यांची प्रत पूर्ण झाल्यावर एकेकास मत देऊन एकेक जुना सभासद कमी करावा.

पायरीपायरीने सभासद न बदलता स्वतंत्र नवा समूह उभारला असेल, तर निर्णायक क्षण कारभार सोपविण्याचा असतो. त्यापूर्वी दोन्हीकडील नोंदींची संख्या व पडताळा-बेरजा जुळवाव्यात, आणि जुना पत्ता लोकांच्या यंत्रांत जितका वेळ स्मरणात राहतो ती मुदत आधीच कमी करून ठेवावी. मग जुन्या केंद्रात लेखन थांबवावे, शेवटची नोंद नव्या केंद्रात पोचू द्यावी, नव्यास प्रमुखपद द्यावे व पत्ता बदलावा. खंड पडतो तो एवढाच. उतारे वाचण्याचे काम त्या वेळीही चालू राहू शकते.

जुन्या केंद्राचा लेखनाधिकार निश्चितपणे काढून घेतला नाही, तर मोठा अनर्थ ओढवतो. २१ ऑक्टोबर २०१८ रोजी गिटहब या संस्थेच्या जाळ्यातील जोडणी देखभालीच्या वेळी अवघे ४३ सेकंद तुटली. तेवढ्यात प्रमुखपद अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील केंद्राकडे गेले. पूर्वेकडे मात्र पश्चिमेस न पोचलेली काही सेकंदांची लिखाणे राहून गेली. दोन्हींचा मेळ घालून सेवा पूर्ववत होण्यास २४ तास ११ मिनिटे लागली. महसुली दप्तरात असे झाल्यास एकाच क्रमांकाचे दोन भिन्न फेरफार निर्माण होतील, आणि त्यांतून उद्भवणारा मालकीचा वाद यंत्राने सुटणारा नाही. म्हणून मिनिटभराची बंदी पत्करावी, परंतु दोन प्रमुख कधीही होऊ देऊ नयेत.

कारभार सोपविल्यावरही जुने केंद्र लगेच मोडू नये. आता नव्याकडील नोंदी उलट दिशेने जुन्यात उतरवीत राहावे, म्हणजे दोष आढळल्यास काही न गमावता परत फिरता येते. ‘स्थलांतर’ या शब्दाने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवण्याचा बोध होतो; प्रत्यक्षात दोन्ही जागी प्रत असते आणि हलतो तो लिहिण्याचा अधिकार. या दृष्टीने ‘हस्तांतर’ हा शब्द या क्रियेस अधिक यथार्थ ठरेल.