पिस्तूल व रिव्हॉल्व्हर : वंगण व निगा

पिस्तूल व रिव्हॉल्व्हर ही एका हाताने धरून झाडता येणारी आखूड नळीची शस्त्रे होत. हलत्या भागांतील घर्षण कमी करणे, पोलादाचे गंजापासून रक्षण करणे आणि दारूच्या ज्वलनाने साचणारा मळ काढून टाकणे, या तीन क्रियांचा त्यांच्या निगेत समावेश होतो. शस्त्र जितके तेलकट तितके ते सुस्थितीत, अशी समजूत सर्वत्र आढळते. परंतु ती चुकीची आहे. ठराविक जागी तेलाचा अत्यंत पातळ थर आणि उरलेल्या जागी पूर्ण कोरडेपणा, हे या निगेचे मूलतत्त्व होय.

हवामान व स्थानिक परिस्थिती : निगेची पद्धत हवामानानुसार बदलते. चंद्रपूर व १९८२ मध्ये त्यातून वेगळा झालेला गडचिरोली हे जंगलव्याप्त जिल्हे याचे उत्तम उदाहरण होत. येथे मे महिन्यात तापमान ४५° से. च्या पुढे जाते, तर जून ते सप्टेंबर या काळात हवा सतत दमट असते. भद्रावती–वरोडा पट्ट्यातील कोळशाच्या खाणींमुळे उन्हाळ्यात हवेत धूळही पुष्कळ असते. भद्रावतीजवळील दारूगोळा कारखान्यामुळे हे गाव शस्त्रनिर्मितीशी जोडले गेले आहे. मात्र तेथे मध्यम व मोठ्या व्यासाचा दारूगोळा तयार होतो, पिस्तुले नव्हेत. आयुध निर्माणी मंडळ २०२१ मध्ये विसर्जित झाल्यापासून हा कारखाना म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीकडे आहे. सेना व पोलीस यांच्या वापरातील ९ मिमी. पिस्तूल पश्चिम बंगालमधील ईशापूर येथे, तर नागरी परवानाधारकांसाठीची रिव्हॉल्व्हरे कानपूर येथे तयार होत आली आहेत.

उन्हाळ्यात जादा तेलावर धूळ चिकटते व त्याचा कुरुंदाच्या लेपासारखा घासणारा चिखल बनतो. पावसाळ्यात उलट तेलाचा थर जेथे तुटला असेल तेथे एका रात्रीतही गंजाचे ठिपके उमटतात. म्हणून उन्हाळ्यात तेल कमी व पुसणे अधिक, तर पावसाळ्यात तपासणी वारंवार, असा क्रम ठेवावा लागतो. हिवाळ्यात रात्रीच्या गस्तीनंतर थंड शस्त्र उबदार खोलीत आणल्यास त्यावर हवेतील बाष्प द्रवरूपाने साचते. तेही लगेच पुसणे आवश्यक असते.

शस्त्र रिकामे करणे : साफसफाईच्या वेळी होणाऱ्या अपघातांचे प्रमुख कारण म्हणजे शस्त्र रिकामे आहे हा गैरसमज. अर्धस्वयंचलित पिस्तुलात प्रथम मॅगझिन काढावे व नंतर वरची सरकणारी स्लाइड मागे ओढावी. हा क्रम उलटा झाल्यास नळीतील काडतूस बाहेर पडते खरे. परंतु स्लाइड पुढे जाताना मॅगझिनमधील दुसरे काडतूस नळीत ढकलते. त्यानंतर मॅगझिन काढले, तरी ते काडतूस आतच राहते. काही पिस्तुलांचे भाग सुटे करण्यापूर्वी चाप ओढावा लागतो, हे लक्षात घेतल्यास या चुकीचे गांभीर्य ध्यानात येते. रिव्हॉल्व्हरमध्ये फिरते सिलिंडर उघडून प्रत्येक कोठी पाहावी. दोन्ही शस्त्रांत नजरेने व बोटाने अशी दुहेरी खात्री करावी, नळीचे तोंड सुरक्षित दिशेस ठेवावे आणि काडतुसे खोलीबाहेर ठेवावीत.

मळ व गंज : गोळी सुटल्यावर नळीत दारूची काजळी, शिसे वा तांबे यांचे कण आणि काडतुसाच्या बुडाशी असलेल्या टोपीतील रसायनांचे अवशेष राहतात. जुन्या टोप्यांमध्ये पोटॅशियम क्लोरेट असे. त्याचे ज्वलनानंतर पोटॅशियम क्लोराइड हे लवण बनते व ते हवेतील ओलावा शोषून पोलाद खाते. हे लवण तेलात विरघळत नाही. त्यामुळे अशी काडतुसे झाडल्यावर नळी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून मगच तेल लावीत. १९२० नंतरच्या दशकात जर्मनीत लेड स्टिफ्नेटवर आधारित, गंज न आणणाऱ्या टोप्या विकसित झाल्या व पुढे त्यांचा प्रसार झाला. तरीही जुन्या साठ्यातील काडतुसांबाबत हा नियम पाळणे इष्ट ठरते. हाताच्या घामातील मीठही असाच परिणाम करते. म्हणून शस्त्र हाताळल्यावर ते तेलाच्या फडक्याने पुसावे.

नळी शक्यतो मागील बाजूने स्वच्छ करावी. रिव्हॉल्व्हरप्रमाणे सळई तोंडाकडून घालावी लागल्यास ती नळीच्या कडेला घासू देऊ नये. ही कड झिजल्यास नेम बिघडतो.

वंगणाच्या जागा : ब्राउनिंग पद्धतीच्या ९ मिमी. पिस्तुलात गोळी सुटताना नळी व स्लाइड एकमेकींत अडकून थोडे अंतर मागे जातात. मग नळीचा मागील भाग खाली झुकतो आणि स्लाइड एकटी मागे जाते. घर्षण जेथे होते त्याच जागी, म्हणजे स्लाइडचे रूळ, नळीचा तोंडाजवळील बाह्य भाग, नळीवरील अडकणीचे उंचवटे आणि तिच्या खालचा उतार येथे, एकेक थेंब तेल पुरेसे होते. रिव्हॉल्व्हरमध्ये सिलिंडर बाहेर काढणारी बिजागरी व काडतुसे ढकलणारा दांडा यांना थेंबभर तेल लागते. काडतुसे उचलणाऱ्या ताऱ्याच्या आकाराच्या चकतीखाली दारूचा एखादा न जळलेला कण राहिला, तरी सिलिंडर अडकते. तेथे तेल नव्हे, तर ब्रश हवा.

कोरड्या ठेवण्याच्या जागांचे महत्त्व तितकेच आहे. काडतुसाच्या कोठीत तेल राहिल्यास गोळी सुटताना काडतुसाची भिंत कोठीला घट्ट धरीत नाही व मागील भागावर जादा दाब येतो. नळीतील तेलही गोळी झाडण्यापूर्वी पुसून काढावे. मॅगझिन, काडतुसे आणि फायरिंग पिन, म्हणजे टोपीवर आघात करणारी टाचणी, जेथे फिरते ती पोकळी कोरडी असावी. झिरपणारे तेल टोपीत शिरल्यास काडतूस फुसके निघते. संकटाच्या क्षणी बार न होण्यामागे शस्त्राचा दोष नसून निगा राखणाऱ्याचा अतिउत्साह असू शकतो.

तेलाची निवड : शस्त्रासाठी पातळ, आम्लरहित खनिज तेल योग्य असते. वनस्पतिज तेले टाळावीत. विदर्भात सहज मिळणारे जवसाचे तेल हवेतील ऑक्सिजन शोषून वाळते व चिकट पापुद्रा बनते. याच गुणामुळे ते लाकडी मुठीस उपयुक्त, परंतु यंत्रणेस घातक ठरते. खोबरेल व मोहाच्या बियांचे म्हणजे टोळीचे तेल थंडीत गोठते. रॉकेलने मळ सुटतो, पण ते उडून गेल्यावर संरक्षक थर टिकत नाही. म्हणून त्यानंतर तेल लावणे आवश्यक असते.

साठवण व कायदा : चामड्याच्या म्यानात शस्त्र दीर्घकाळ ठेवू नये. कमावलेल्या चामड्यातील आम्ले व ओलावा यांमुळे पोलादाला गंज चढतो. तेलाचा हात फिरवून, ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुडीसह, कुलूपबंद पेटीत ते ठेवावे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे पोलीस ठाण्यात जमा करण्याचे आदेश दिले जातात. जमा करण्यापूर्वी शस्त्र साफ करून त्यास तेल लावणे व परत मिळताच तपासणे हिताचे असते. साफसफाई मालकाने करावयाची असली, तरी झिजलेले किंवा मोडलेले भाग बदलणे हे परवानाधारक कारागिराचे काम आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये शस्त्रदुरुस्तीच्या व्यवसायास परवाना लागतो. निगा उत्तम राखल्याने शस्त्र निर्धोक होत नाही. ते केवळ विश्वासार्ह होते. म्हणूनच साफ करून जोडलेले शस्त्र पेटीत ठेवण्यापूर्वी ते रिकामे असल्याची पुन्हा एकदा खात्री करणे, ही निगेतील अखेरची व अपरिहार्य क्रिया होय.