नाट्यपदाचा संदर्भ कसा द्यायचा?

काल एका विद्यार्थिनीचा शोधनिबंध वाचत होते. तळटीप काय, तर ‘मानापमान, यूट्यूब’. एवढंच!

अहो, पण गायलंय कुणी? ‘संगीत मानापमान’ १९११ साली रंगभूमीवर आलं. शब्द खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. पुढे तीच पदं कितीतरी गायकांनी आपापल्या ढंगानं गायली. तुम्ही तानेबद्दल लिहिताय, तर ती घेणाऱ्याचं नाव आधी हवं. मग ध्वनिमुद्रिकेची कंपनी, लेबलवरचा क्रमांक, वर्ष. आणि ती जागा कितव्या मिनिटाला येते, तेही.

संहितेतला उतारा असेल तर आवृत्ती सांगाच, शिवाय अंक आणि प्रवेशही. पृष्ठक्रमांक आवृत्तीगणिक बदलतात. अंक-प्रवेशावरून संवाद चटकन सापडतो.

प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रयोगासाठी संस्था, नाट्यगृह, तारीख. तिकीट जपून ठेवा!

कुठे अडलात तर खाली विचारा, जमेल तसं सांगते.