मेन पाडला तरी बोर्डात करंट? इन्व्हर्टरची वायरिंग समजून घ्या



घरात, गोठ्यात किंवा शेतातल्या खोलीवर इन्व्हर्टर बसवला की बोर्डात वीज दोन बाजूंनी येते. एक लाईनची, दुसरी बॅटरीची. त्यामुळे "मेन पाडला, आता हात घाला" हा जुना हिशोब इथे चालत नाही. मेन पाडला की इन्व्हर्टरला वाटतं लाईट गेली, आणि तो लगेच बोर्डात वीज सोडतो.

*बॅटरी १२ व्होल्टची, मग शॉक कसा बसतो?*
बॅटरीच्या टोकांवर १२ व्होल्ट डीसी असतात (दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये असतील तर २४). इन्व्हर्टर त्याचे २३० व्होल्ट एसी करतो. हा करंट लाईनच्या करंटइतकाच जीवघेणा आहे.

*बॅटरीची वायर जाड का?*
६०० वॅट लोड घ्या. २३० व्होल्टवर तो साधारण २.६ अँपिअर ओढतो. तोच लोड १२ व्होल्टच्या बॅटरीतून ५० अँपिअरच्या वर ओढतो. म्हणून बॅटरीची वायर जाड आणि आखूड हवी, टोकं घट्ट हवीत. टोक ढिलं असेल तर तापतं आणि आग लागू शकते. कंपनीने दिलेली वायर बारीक तुकडा जोडून वाढवू नका.

*जोडणी अशी हवी*
१. मेनच्या एमसीबीनंतर फेज, न्यूट्रल आणि अर्थिंग इन्व्हर्टरच्या इनपुटला.
२. आउटपुटचा फेज वेगळ्या एमसीबीतून ठरलेल्या पॉइंटनाच: दिवे, पंखे, मोबाईल चार्जिंग. पाण्याची मोटर, कडबाकुट्टी, गिझर यावर नको.
३. आउटपुटचा फेज आणि लाईनचा फेज कुठेही एकत्र येता कामा नये. आले, तर लाईट परत येताच इन्व्हर्टर जळू शकतो. त्याहून वाईट म्हणजे, लाईट नसताना करंट उलटा बाहेरच्या तारेत जाऊ शकतो. त्याच वेळी खांबावर वायरमन चढलेला असेल तर त्याचा जीव जाईल.
४. इन्व्हर्टरच्या पॉइंटचा न्यूट्रल दुसऱ्या सर्किटमधून उचलू नका. आरसीसीबी असेल तर न्यूट्रलची सरमिसळ झाल्यावर तो सारखा पडतो. कंटाळून तो काढून टाकू नका, न्यूट्रल दुरुस्त करून घ्या.

*बोर्ड खरोखर बंद कसा करायचा?*
▪️ मेन स्विच पाडा.
▪️ इन्व्हर्टरचं पुढचं बटण बंद करा.
▪️ आउटपुटचा एमसीबी पाडा. इन्व्हर्टर पिनेवर असेल तर पिन काढा.

नुसतं पुढचं बटण बंद करून भागत नाही. त्याने फक्त बॅटरीची वीज थांबते. लाईट असेल तर बहुतेक घरगुती इन्व्हर्टरमधून ती तशीच पुढे पॉइंटपर्यंत जात राहते.

*तपासताना*
टेस्टर आधी चालू पॉइंटवर लावून तो पेटतो का बघा, मगच बंद बोर्डावर लावा. खराब टेस्टर पेटला नाही म्हणजे करंट नाही, असं नव्हे. स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर साधा मल्टिमीटर व्होल्टेजचा आकडा चुकीचा दाखवू शकतो, त्यावरून लगेच इन्व्हर्टर बिघडला असं ठरवू नका.

*आजच एक काम करा:* मेन बोर्डावर मोठ्या अक्षरात लिहा, "इन्व्हर्टर आहे, दोन्हीकडून बंद करा." उद्या दुरुस्तीला येणाऱ्याला ते सांगायला तुम्ही घरी असालच असं नाही.

वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या आणि हा मेसेज त्याला दाखवा. शंका असेल तर याच नंबरवर बोर्डाचा बाहेरून काढलेला फोटो पाठवा. झाकण उघडू नका.

– आपली शेतकरी उत्पादक कंपनी