काल आजी कशी होती?



गेल्या पावसाळ्यात धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरून रात्री फोन आला. "ताई, आजी डोळेच उघडत नाही." आजीला तीन वर्षांपासून स्मृतिभ्रंश आहे. १०८ ला फोन केला. पाड्यापर्यंत रस्ता नाही, म्हणून नातवांनी तिला झोळीत घालून डांबरी सडकेपर्यंत आणले.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारले, "काय होतंय?" सून म्हणाली, "विसरते." मीही मान डोलावली. 'वय झालंय' असे समजून रात्र गेली. सकाळी लघवी तपासली तेव्हा जंतुसंसर्ग निघाला. ती रात्र माझ्या मान डोलावण्याने वाया गेली, हे मी विसरू शकत नाही.

स्मृतिभ्रंश महिन्यामहिन्यांनी, वर्षावर्षांनी वाढतो. पण एक-दोन दिवसांत माणूस एकदम गोंधळला, गुंगीत गेला किंवा बरळू लागला, तर बहुधा दुसरेच काही झालेले असते. लघवीचा किंवा छातीचा संसर्ग, अंगातले पाणी कमी होणे, पोट साफ नसणे, नवे औषध, पडून लागलेला मार. डॉक्टर याला 'डेलिरियम' म्हणतात. म्हाताऱ्या माणसाला अशा वेळी ताप येतोच असे नाही.

म्हणून दवाखान्यात पहिले वाक्य हे सांगा : "परवापर्यंत ही हाताने जेवत होती, आम्हाला ओळखत होती. हा बदल कालपासूनचा आहे."

सोबत चालू असलेली सगळी औषधे पाकिटांसकट न्या. झाडपाल्याचे औषध दिले असेल तर तेही न लाजता सांगा. जुने कागद, आधार कार्ड, चष्मा आणि रोजची गोधडी घ्या.

या आजारात मागाहून शिकलेली भाषा अनेकदा आधी जाते. आमची आजी मराठी विसरली आहे, पावरी तिला समजते. "कुठे दुखतं?" हे तिच्या भाषेत विचारणारे माणूस जवळ हवे. ती "नाही" म्हणाली तरी तिचा चेहरा पाहा, हात कुठे जातो ते पाहा.

खाटेभोवती गर्दी नको. ओळखीचे एकच माणूस रात्रभर बसावे. सलाईन ओढू लागली तर हात बांधण्याआधी नळीवर कापड गुंडाळून पाहा, तिचा हात हातात धरा. "घरी चला" म्हणाली तर वाद घालू नका. घरी सोडताना कोणते औषध बंद, कोणते नवे, ते लिहून घ्या. गोंधळ पुरता ओसरायला कधी काही आठवडे लागतात.

आजी आठ दिवसांनी घरी आली. पूर्वीइतकी बोलत नाही, पण भाकरी हाताने खाते.

मंडळीतील बंधुभगिनींनो, आपण आजाऱ्यांसाठी प्रार्थना करतोच. त्याबरोबर प्रत्येक पाड्यावर अशी दोन नावे ठरवू या, जी रात्री हाक आल्यावर निघतील, तिची भाषा बोलतील, आणि काल ती कशी होती ते सांगू शकतील.