काळ्या शर्टावरचा बाप्पा

गणेशोत्सव जवळ आला की मंडळांच्या टी-शर्टांची घाई सुरू होते आणि कार्यकर्त्यांना हमखास काळाच शर्ट हवा असतो. मूर्तीचा फोटो मोबाइलवर धाडायचा, ‘असाच्या असा आला पाहिजे’ असं बजावायचं, की यांचं काम संपलं. छापणारा मात्र आधी कापडाचा रंग विचारतो. तोच फोटो पांढऱ्यावर आणि काळ्यावर छापणं ही दोन वेगळी कामं आहेत आणि त्यांचा निकाल शाई ओढण्याआधी, रंग वेगळे काढतानाच लागलेला असतो.

मुळात स्क्रीनला फिकट-गडद कळतच नाही. ताणलेल्या जाळीवर उजेडाने कडक होणारं इमल्शन लावायचं, वर चित्राची पॉझिटिव्ह फिल्म ठेवून उजेड द्यायचा आणि न कडकलेला भाग पाण्याने धुवायचा. जाळी उघडी पडली तिथून शाई उतरते, बाकी ठिकाणी काहीच नाही. मग गालावरची उतरती सावली आणायची कुठून? ठिपक्यांतून. दाट सावलीत मोठे ठिपके, उजेडात बारीक. उरलेलं काम लांबून पाहणारा डोळा करतो. या हाफटोनच्या शास्त्रावर आपल्या देशात खोलवर काम केलं ते कलकत्त्याच्या उपेंद्रकिशोर रायचौधुरींनी, म्हणजे सत्यजित राय यांच्या आजोबांनी. त्यांचे लेख इंग्लंडच्या पेनरोज वार्षिकात छापून येत.

गुळगुळीत कागदाच्या मासिकात इंचाला साधारण १५० ओळी ठिपके बसतात. शर्टावर ४५ ते ५५ साधल्या तरी पुष्कळ. अगदी बारीक ठिपके विणीत हरवतात आणि टिकलेले शाई पसरून फुगतात, म्हणून जाणता माणूस फोटो आधीच मुद्दाम उजळ करून घेतो. संगणकावर तो फिका वाटतो; गिऱ्हाईक कुरकुरतं, कुरकुरू द्यावं. ५५ ओळींसाठी जाळी सेंटिमीटरला १२० धाग्यांच्या आसपास लागते. जाडी जाळी घेतली तर ठिपके धाग्यांआड जातात आणि सपाट भागात लाटांसारखी नक्षी उमटते.

पांढऱ्या शर्टावर चार शायांत भागतं: सायन, मॅजेंटा, पिवळा, काळा. पहिल्या तिन्ही पारदर्शक असतात. उजेड त्यांच्यातून खाली जातो, कापडावरून परततो आणि रंग दिसतो. म्हणजे पांढरेपणा कापडाचाच. माणसाच्या त्वचेत मॅजेंटा आणि पिवळ्याचा भरणा, सायन बेतानेच. तो जरा चढला की नवरदेव हिरवट!

याच शाया काळ्या शर्टावर ओढा, जवळजवळ काहीच दिसणार नाही, कारण परतायला उजेडच नाही. सरसकट पांढरा बेस मारून वर चार रंग चढवले तर फोटो दिसतो, पण छातीवर पत्रा बसवल्यासारखं होतं. म्हणून इथे फोटोतले मुख्य रंग निवडून प्रत्येकाचा वेगळा स्क्रीन करतात आणि शाया अपारदर्शक घेतात. बाप्पाच्या मूर्तीला शेंदरी, लाल, सोनेरी पिवळा, तपकिरी, करडा. पितांबर जांभळं असेल तर आणखी एक. मळवलीच्या रविवर्मा छापखान्यातही रंगागणिक छपाईचा वेगळा दगड लागत असे. विचार त्याच जातीचा.

खरी कसोटी पांढऱ्या बेसची. तोही ठिपक्यांचाच करायचा: उजेड असेल तिथे दाट, सावलीकडे विरळ, आणि ठार काळोखात बेसही नको नि शाईही नको, तिथे शर्टच काळा आहे. बेसची कड वरच्या रंगांपेक्षा केसभर आत ठेवतात, नाहीतर रंगाभोवती पांढरी किनार डोकावते. बेस मारला की फ्लॅशच्या, म्हणजे झटपट तापवणाऱ्या यंत्राच्या, खाली तो वरवर सुकवून घ्यायचा, मग रंग. मुकुटावरची झळाळी आणि डोळ्यातली चमक यांसाठी शेवटी पांढऱ्याचा आणखी एक हात. हा शेवटचा पांढरा वाचवणारे छापखाने फोटोतला जीवच घालवतात, असं माझं मत.

दहा-वीस शर्टांसाठी इतका खटाटोप कोणी करू नये. फिल्मवर छापून गरम दाबाने चिकटवायचं डीटीएफ त्याला पुरेसं आहे. नग शेकड्यात गेले की स्क्रीन स्वस्त पडतो.

कापड मात्र सुतीच मागावं. प्लास्टिसॉल शाई नेहमी १६० अंश सेल्सियसच्या आसपास पक्की करतात. आतपर्यंत भाजली नाही तर धुण्यात तडकते. पॉलिस्टरचा रंग नेमका याच तापाने सुटून वरच्या शाईत चढतो आणि लाल शर्टावरचा पांढरा गुलाबी होतो. कधी लगेच, कधी गठ्ठे बांधून मंडळात पोहोचल्यावर. त्यावर कमी तापात पक्क्या होणाऱ्या शाया मिळतात, खाली रंग अडवणारा करड्या शाईचा थरही देता येतो. पण तो खर्च वर्गणीत धरलेला नसतो.